गल्ल्याची किल्ली आणि साबणाचं खोकं

पत्र

मावशी, नमस्कार. बार्शी तालुक्यात आमचं गाव आहे. एसटी स्टँडसमोर सासऱ्यांचं, म्हणजे मामांचं, किराणा दुकान, पस्तीस वर्षांपासूनचं. मामा दुकानात क्यूआर कोड लावू देत नाहीत. दोन वर्षांपूर्वी समोर नवं दुकान झालं, तिथला स्पीकर दिवसभर बोलत असतो. कॉलेजची पोरं पायरीवरूनच विचारतात, "फोनपे आहे का?" नाही म्हटलं की रस्ता ओलांडून समोर. मागच्या महिन्यात ह्यांनी स्वतःच्या खात्याचा कोड आणून काउंटरला चिकटवला. मामांनी काही न बोलता त्यावर साबणाच्या वड्यांचं खोकं ठेवलं. ते खोकं अजून तिथंच आहे आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मामा म्हणतात, "हातात पडला तर पैसा." आत्या, म्हणजे सासूबाई, या विषयावर गप्पच असतात, पण त्यांनाही हे नको आहे असं मला वाटतं. मी बी.कॉम. आहे, दुकानाच्या वह्या मीच लिहिते. मामांना कसं पटवू?
– गल्ल्यापलीकडची सून

उत्तर

सूनबाई,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य तू जाता जाता लिहून गेलीस आणि मी तिथंच थांबले. "ह्यांनी स्वतःच्या खात्याचा कोड चिकटवला." दुकान मामांचं आणि खातं मुलाचं! मग त्यावर खोकं ठेवणार नाहीत तर काय करतील?

हा माणूस पस्तीस वर्षं सकाळी शटर वर करतो, गल्ल्याला उदबत्ती ओवाळतो, भवानीची नोट कपाळाला लावून आत टाकतो. रात्री मोजतो, रबर लावतो, कुलूप घालतो. मालक कोण हे गावाला सांगायला त्यांना पाटी लागत नाही, किल्ली कमरेलाच असते. आता गिऱ्हाईक साखर मामांकडून घेणार आणि पैसे जाणार मुलाच्या मोबाइलवर, मुलगा त्या वेळी टायर बदलायला बार्शीला गेलेला. बुधवारी होलसेलवाल्याचा माणूस वसुलीला आला की मामांनी मुलाला फोन करायचा, "जरा वीस हजार टाक रे." साठी उलटलेल्या बापाला हे वाक्य किती जड जातं, ते त्या खोक्याच्या वजनावरून ओळख.

तुम्हा दोघांना वाटतंय की मामा मोबाइलला घाबरतात. असेलही थोडंसं. पण बटणाची भीती चार दिवसांत जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका सहकारी बँकेत मी एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कॅशच्या काचेमागे. एटीएम कार्ड हातात घ्यायला थरथरणारे म्हातारे महिन्याभरात पोराला "तू सरक, मी काढतो" म्हणायला लागायचे. लोक अडतात ते दुसऱ्याच गोष्टीवर, आणि ती गोष्ट फॉर्मवर लिहिलेली नसते.

हे तुला नीट सांगते, कारण मामांशी बोलायच्या आधी तुलाच ते कळायला हवं.

८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. चलनातल्या एकूण रकमेतला ८६ टक्के भाग एका घोषणेनं बाद. काचेपलीकडची ती रांग मी अजून विसरले नाही. तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, आता लोक मुकाट्यानं मोबाइलवर येणार. १ डिसेंबर २०१६ ला ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. दुकानदारांच्या हाती कार्ड घासायची मशीन आली, राज्याचे अर्थमंत्री आले, फोटो छापून आले. पुढे पत्रकार परत त्या गावात गेले तेव्हा रोखीनं आपली जागा परत घेतली होती. यात धसईच्या लोकांना मी बोल लावणार नाही. मशीनला भाडं, दर व्यवहारावर बँकेची कात्री, रेंज गेली की मशीन ठप्प, आणि गिऱ्हाइकाकडे कार्ड तरी कुठे होतं? नोटांची टंचाई होती तोवर मशीन चाललं, टंचाई संपली तसं ते कपाटात गेलं. जबरदस्तीनं लागलेली सवय जबरदस्तीइतकीच टिकते. तुमच्या काउंटरवरही महिन्याभरापूर्वी हेच झालं, फक्त मंत्री आले नव्हते.

गंमत अशी की यूपीआय, म्हणजे हे कोड आणि फोनपे ज्यावर चालतात ती यंत्रणा, नोटाबंदीच्या आधीचं आहे. रघुराम राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असताना ११ एप्रिल २०१६ ला मुंबईत त्याची सुरुवात झाली, आणि तेव्हा कुणाचं फारसं लक्षही गेलं नाही. महिन्याला १०० कोटी व्यवहारांचा आकडा पहिल्यांदा गाठायला ऑक्टोबर २०१९ उजाडला. नंतर मात्र गाडी सुटली. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २,००० कोटींच्या वर व्यवहार झाले.

मधल्या काळात काय बदललं? २०१४ पासून जनधनची खाती निघाली, त्यामुळे पैसे जायला जागा झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा इतका स्वस्त झाला की गुराख्याच्या हातातसुद्धा इंटरनेट आलं. तुमच्या स्टँडवरच्या रसवंतीवाल्याला मशीन घ्यावं लागलं नाही, त्याला छापलेला एक कागद पुरला. गिऱ्हाइकाचं ॲप कुठलंही असो, दुकानदाराची बँक कुठलीही असो, पैसे पोचतात. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून येणाऱ्या यूपीआयच्या पैशावर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही असं ठरलं, म्हणजे कात्रीही गेली. मग करोना आला आणि लोकांना नोटेला हात लावायचीच धास्ती वाटू लागली.

आणि सुट्टे! याबद्दल कुणी अर्थतज्ज्ञ फारसं बोलत नाही, पण मला विचारशील तर निम्मी लढाई सुट्ट्यांनी जिंकली. दोन रुपये नाहीत म्हणून लिमलेटची गोळी, पाच नाहीत म्हणून काडेपेटी, एसटीत कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी लिहून देणार आणि उतरताना आपण विसरणार. सत्तेचाळीस रुपये म्हणजे सत्तेचाळीसच, ही चैन आपल्याकडे आधी नव्हती.

प्राध्यापक मंडळींनी यावर पुष्कळ लिहिलंय. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलं की नवं तंत्र माणूस दोन गोष्टी पाहून स्वीकारतो: याचा मला उपयोग आहे का, आणि हे मला सोपं जाईल का. २००३ मध्ये विश्वनाथ व्यंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात आणखी दोन घातल्या: आजूबाजूची माणसं काय म्हणतात, आणि अडलं तर मदतीला काही सोय आहे का. विकसनशील देशांतल्या मोबाइल पेमेंटच्या अभ्यासात हीच मोजपट्टी वारंवार लावतात, सोबत विश्वास आणि धोका हेही मोजतात. खरं सांगू? काचेमागे बसून मला विश्वासाचं पारडं नेहमी जड दिसलं. केनियात २००७ मध्ये एम-पेसा सुरू झालं, तेही साध्या बटणाच्या फोनवर. तिथं बहुतेकांचं बँकेत खातंच नव्हतं. पण वस्तीतला ओळखीचा दुकानदार एजंट होता. लोक त्याच्या हातात नोटा द्यायचे, तो त्या फोनवर चढवून द्यायचा. फोनवर विश्वास बसायच्या आधी दुकानदारावर होता. तुमच्या गावात तो दुकानदार म्हणजे मामा. त्यांनी स्वतः कोड लावला तर समोरच्या स्पीकरपेक्षा त्याला गावात जास्त वजन येईल. हे त्यांना कुणी सांगितलंय का?

आपल्याकडे हा विश्वास त्या बोलक्या डबीनं, तुमच्या समोरच्या दुकानातल्या त्या स्पीकरनं, आणला. दोन्ही हातांना तेल लागलेलं असताना, समोर पाच गिऱ्हाइकं असताना, मोबाइल उघडून मेसेज कोण वाचत बसणार? डबी मराठीत सांगते, "पन्नास रुपये प्राप्त झाले." सगळ्या दुकानानं ऐकलं, विषय मिटला. "हातात पडला तर पैसा" म्हणणाऱ्या माणसाला कानावर पडलेला पैसा लवकर पटतो. तिला महिन्याला शंभराच्या आसपास भाडं पडतं, तेवढं खुशाल द्या.

आता मामांच्या मनात आणखी काय असेल, ते बोलू. दुकानदार हे सुनेसमोर म्हणणार नाहीत, म्हणून मीच म्हणते: टॅक्स. खात्यावर दिसलं की नोटीस येईल, ही भीती. ती अगदीच हवेतली नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात हजारो छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, त्यांच्या यूपीआयच्या जमेचे आकडे पाहून. बंगळुरात कितीतरी टपऱ्यांवर कोड उतरले आणि "फक्त रोख" अशा पाट्या लागल्या. सोलापूर जिल्हा तर कर्नाटकला लागूनच आहे, या बातम्या होलसेलवाल्यांच्या तोंडून मामांपर्यंत नक्की पोचल्या असणार.

इथं तुझं बी.कॉम. कामाला येऊ दे. वही काढ आणि मार्चअखेरची वर्षाची एकूण विक्री मांड, रोख आणि उधार सगळी. माल विकणाऱ्याला आपल्या राज्यात वर्षाला ४० लाखांच्या वर विक्री गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि किराण्यात करमुक्त मालही या बेरजेत धरला जातो. विक्री त्याच्या आत असेल तर मामांना आकडा दाखव, निम्मी धास्ती तिथंच उतरेल. वर असेल, तर ती गाठ कोडमुळे पडलेली नाही, ती आधीपासूनच आहे. एखाद्या सीएकडे जाऊन सोडवा. कोड नसला की कायदा लागत नाही, असं काही नसतं. आणखी एक. छोट्या धंद्याला आयकरात अंदाजित नफा दाखवायची सोय आहे. रोखीच्या विक्रीवर तो ८ टक्के धरतात, बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के. म्हणजे खात्यावर दिसलेला पैसा इथं उलट फायद्याचा. मामांना टक्क्यांची भाषा माझ्यापेक्षा चांगली समजत असेल.

फसवणुकीची भीतीही खरीच आहे. तीन गोष्टी त्यांना तोंडपाठ करून दे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागणारा चोर. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचं हिरवं चित्र हा पुरावा नव्हे, तशी खोटी चित्रं दाखवणारी ॲप निघालीत. डबी बोलली तरच माल उचलायचा. आणि कोड बाहेर शटरवर लावू नका, रात्रीतून त्यावर दुसरा कोड चिकटवून जाणारे महाभाग आहेत. काही विपरीत झालंच तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, आणि तोही तासाभरात फिरवायचा.

पैसे अडकतातही, ते झाकून ठेवू नका. गेल्या वर्षी एका पेट्रोल पंपावर माझ्या खात्यातून बाराशे गेले आणि पंपाची डबी मात्र मुकी. मागे गाड्यांची रांग, पोऱ्या माझ्याकडे बघतोय, मी मोबाइलकडे बघतेय. आयुष्यभर बँकेत काढलेली बाई त्या दिवशी चोरासारखी उभी होते. शेवटी पर्समधले रोख दिले आणि घरी आले. तिसऱ्या दिवशी बाराशे परत जमा झाले. दुकानदाराला दिलेले पैसे असे मध्येच लटकले तर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत आणि पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. १२ एप्रिल २०२५ ला तर देशभर यूपीआय कित्येक तास आजारी होतं. त्या दिवशी ज्यांच्या गल्ल्यात नोटा होत्या ते हसले. म्हणून मामांना "आता रोख बंद" असं कुणीही म्हणू नये. नोटाबंदीच्या आधी देशात १८ लाख कोटींच्या आत नोटा होत्या, आज त्या ३० लाख कोटींच्या कितीतरी वर आहेत. गल्ला कुठे जात नाही. त्याच्या शेजारी एक डबी येतेय, एवढंच.

आत्यांबद्दल मात्र मी हळू आवाजात बोलणार आहे.

नोटाबंदीच्या त्या आठवड्यांत माझ्या काचेसमोर बायका यायच्या. एकट्या, दुपारी, गर्दी जरा कमी झाल्यावर. पदराआडून पुडकं निघायचं. एकीच्या नोटांना हिंगाचा वास येत होता, मोजताना माझ्या बोटांना लागला तो रात्रीपर्यंत गेला नाही. अकरा हजार होते. "घरी पत्र नाही ना येणार?" एवढंच तिनं विचारलं. डाळीच्या डब्यात किती वर्षं जमवले असतील कोण जाणे. तिचं सगळं स्वातंत्र्य त्या डब्यात होतं आणि ते एका रात्रीत उघडं पडलं.

तुझ्या आत्याही गल्ल्यातून वीस-पन्नास उचलत असतील. भिशीचा हप्ता, लेकीला माहेरी आल्यावर हातावर ठेवायला काही, देवाला काही. मामांना ते ठाऊक असतं आणि ते बघत नाहीत. पस्तीस वर्षांच्या संसारात अशी डोळेझाक ही मोठी माया असते. सगळी विक्री खात्यात जायला लागली की प्रत्येक रुपयाला मागणं आलं, आणि मागणं आलं की "कशाला?" आलं. म्हणून त्या गप्प आहेत. डिजिटलच्या प्रचारात हे कुठे छापत नाहीत, कारण छापणाऱ्यांच्या घरी डाळीचा डबा बहुधा वेगळ्या कारणानं उघडत असावा.

तू याचा जेवताना विषय काढू नकोस. मामांशी एकट्यात बोल, की दर बाजाराच्या दिवशी ठरलेली रक्कम गल्ल्यातून रोख आत्यांच्या हातात जाईल, आणि वहीत ती "घरखर्च" म्हणून पडेल. हिशेब विचारायचा नाही. तूही नाही.

आता प्रत्यक्षात काय करायचं? आधी तुझ्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं तो कोड काढायचा, मामांच्या देखत. "चुकलं" म्हणायची गरज नाही, स्टिकर खरवडताना जो आवाज येतो तेवढा पुरे. मग तू मामांना घेऊन बँकेत जा. नवरा नको, तू. दुकानाच्या नावाचं वेगळं चालू खातं उघडा, मोबाइल नंबर मामांचा. बँक धंद्याचा पुरावा मागेल. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, ऑनलाइन फुकट होते, ती करून ठेव. वेगळं खातं यासाठी की कुणा भामट्यानं चोरीच्या पैशातून तुमच्याकडून दोन पोती तांदूळ नेले, तर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक ज्या खात्यात पैसे आले ते गोठवू शकते. त्यात घरातली ठेव अडकायला नको. दर शनिवारी गरजेपुरतं ठेवून बाकीचं काढा, मामांच्या सहीनं. होलसेलवाल्याला त्यातूनच परस्पर देता येतं. बार्शीच्या पेठेत कोण नको म्हणणारे?

आणि सुरुवात कॉलेजच्या पोरांपासून करू नकोस. त्यांचे दहा-वीस रुपये मामांना पोरखेळ वाटतील. उधारीच्या वहीपासून कर. तुमच्या वहीत अशी घरं असतीलच, जिथली म्हातारी गावात आणि मुलगा पुण्यात, चाकणला नाहीतर भोसरीला. म्हातारीच्या नावावर सहा-सात हजार थकलेत. मामा तिला मागत नाहीत, मुलगा दिवाळीला येतो तेव्हा देतो किंवा विसरतो. अशा एखाद्या मुलाला तू फोन कर. "दादा, आता दुकानाचा कोड आहे, आईचं बिल दर महिन्याला पाठवते, तिकडूनच टाका." मामा दुकानात बसलेले असताना डबीनं "सहा हजार चारशे रुपये प्राप्त झाले" म्हणायला हवं. समोरच्या दुकानाला ही उधारी वसूल करता येणार नाही, कारण ती माणसं मामांची आहेत.

पहिल्या महिन्यात रोज रात्री गल्ला मोजून झाला की डबीचा आकडाही मामांनाच वाचायला लाव आणि तू वहीत "फोन" असा नवा रकाना पाडून लिही. त्यांच्या अक्षरात लिहिला गेला तर उत्तमच.

साबणाचं खोकं मात्र तू हलवू नकोस, नवऱ्यालाही हलवू देऊ नकोस. नवा कोड आला की मामांच्या हातात दे आणि आत चहा ठेवायला जा. कुठे लावायचा ते त्यांना ठरवू दे.

– मावशी